‘चाल कागदावर मावत नाही’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सांगलीकर,

नाटक आणि वाद्यवृंद अशा दोन्हीकडे काम करणाऱ्या संगीतकाराने प्रत्येक वादकाचा भाग वेगळा लिहून द्यावा, असं माझ्या लेखात म्हटलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं : चाल गळ्यातून गळ्यात जाते, कागद ही परकी नक्कल, नाटकाला पेटी-तबला पुरतो, उरलेलं कीबोर्डवर निघतं.

पहिलं निम्मं मान्य. पद बसवायचं ते नटाला समोर बसवूनच, शब्द कुठे टाकायचा हे कागद सांगत नाही. कायदाही तुमच्याच बाजूने आहे. १९९४च्या दुरुस्तीआधी कॉपीराइट कायद्याला संगीतरचना लिहिलेली किंवा छापलेली लागायची. ती अट आता नाही. पण ‘परकी’ म्हणू नका. स्वतःची स्वरलिपी (सूर लिहायची पद्धत) तयार करणारे विष्णु दिगंबर पलुस्कर कुरुंदवाडचे, आणि त्यांची तालीम झाली मिरजेत.

पेटी-तबला पुरतो, कारण दोघं गाणाऱ्याकडे बघून वाजवतात. नट थांबला की तेही थांबतात. आठ-दहा वादक झाले की हे कोलमडतं, आणि ते बहुधा पदात नाही, प्रवेशबदलात. समजा त्या बदलासाठी लय मिनिटाला ७२ मात्रा आहे आणि आठ बार, म्हणजे चार-चार मात्रांचे आठ गट, लिहिलेत. झाले सुमारे २७ सेकंद. तुमच्या सांगलीच्या भावे नाट्यमंदिरात तेवढ्यात सेट फिरेल, पुढच्या गावी चाक अडकलं की ४० लागतील. म्हणून शेवटचे दोन बार (पावणेसात सेकंद) खूण मिळेपर्यंत फिरत ठेवायचे आणि बाहेर पडायची जागा प्रत्येकाच्या कागदावर मांडायची. हे तोंडी ठरवलं तर चौथ्या फेरीला क्लॅरिनेट बाहेर पडलेला असतो आणि व्हायोलिन आत. बारना आकडे नसतील तर रंगीत तालमीत दिग्दर्शकाने ‘चार बार काढा’ म्हटल्यावर कुठले चार, यावरच अर्धा तास जातो. आणि पान उलटायची जागा विश्रांतीतच हवी. व्हायोलिनवाल्याचे दोन्ही हात अडकलेले असतात, एवढी साधी गोष्ट नवा संगीतकार हमखास विसरतो.

आता कीबोर्ड. त्याच्यामुळे सगळ्यात मोठी चूक लपते, ती पट्टीची, म्हणजे षड्ज कुठल्या सुरावर धरायचा याची. नटाची पट्टी काळी एक (पेटीची पहिली काळी पट्टी) असली तर कीबोर्डवाला सगळे सूर एकदम सरकवणारं ट्रान्स्पोजचं बटण दाबून मोकळा. व्हायोलिनला मात्र काळी एक म्हणजे चारपैकी एकही मोकळी (बोट न दाबता वाजणारी) तार सप्तकात नाही (बिलावलचे, म्हणजे सगळे शुद्ध स्वर धरून). आवाज कोंदतो, बोटं चुकतात. अर्धा सूर चढवून पांढरी दोन केलीत तर चारही तारा सापडतात. पण मग बी-फ्लॅट क्लॅरिनेट अडचणीत येतो, कारण तो लिहिल्यापेक्षा एक सूर खाली वाजतो, म्हणून त्याला एक सूर वर लिहून द्यावं लागतं. काळी एकला त्याच्या कागदावर तीन कोमल खुणा होत्या, पांढरी दोनला चार तीव्र होतात. पांढरी एकला दोन्ही वाद्यं खूश, नटाचा वरचा षड्ज मात्र तेवढा चमकत नाही. हा तिढा तालमीच्या पहिल्या आठवड्यात सोडवायचा. पदं एकदा गळ्यात बसली की नट पट्टी बदलू देत नाही, आणि त्याचंही बरोबर असतं.

व्हायोलिनं किती, हेही विचारलंत. एक किंवा तीन. दोघं एकाच ओळीवर असले की सुरातला केसभर फरक कंप होऊन ऐकू येतो. तिसरा आला की तो मिसळून जातो. तिघांचे पैसे नसतील तर एकच घ्या आणि त्याला एकट्याची ओळ लिहा, वाद्यवृंदातली नव्हे.

दौऱ्याला गाडीत जागा नसते, तिथे कीबोर्ड न्यावाच लागेल. तेव्हाही व्हायोलिनची मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) त्याला देऊ नका. ती पेटीनेही कधी घेतलेली नाही. तेवढी ओळ गाणाऱ्याकडे सोपवा, कीबोर्डला खालचा भरणा पुरे.