सत्कार करावा तर असा

१२ मे जवळ आला की रुग्णालयाच्या प्रशासनाला अचानक कंठ फुटतो. परिचारिका दिन, फ्लॉरेन्स नाइटिंगेलचा वाढदिवस. वर्षभर ज्यांची रजा नामंजूर करण्यात आपली सही झिजली, त्यांचाच जाहीर सत्कार करायचा, तोही चार दिवसांत. गोंधळून जाऊ नका. मी एका ट्रस्टच्या रुग्णालयात अकाउंट्सला बसून असे सतरा सत्कार पाहिले, त्यांची बिलं पास केली आणि दोनदा निवड समितीवरही बसलो. माझं ऐका.

आधी बॅनर. अध्यक्षांचा फोटो मोठा, विश्वस्तांचे मध्यम, प्रमुख पाहुण्यांचा त्यांच्या पीएने पाठवलेला, दहा वर्षांपूर्वीचा. ज्यांचा सत्कार आहे त्यांचे फोटो छापायच्या भानगडीत पडू नका. नावं शेवटपर्यंत बदलत असतात. उजव्या कोपऱ्यात हातात दिवा धरलेली ती बाई टाकली की विषय पोचतो. मात्र दिव्यावरच थांबा. याच बाईंनी क्रिमियाच्या युद्धात जखमांपेक्षा रोगराईने जास्त सैनिक मेले हे आकडे गोळा करून, रंगीत तक्ते काढून वरिष्ठांच्या गळी उतरवलं होतं, ही माहिती भाषणात येऊ देऊ नका. उद्या आपल्याच एखाद्या सिस्टर तक्ता घेऊन केबिनमध्ये आल्या तर? भारतीय परिचर्या परिषदेचा हिशोब अध्यापन रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक परिचारिका आणि इतरत्र पाचांमागे एक असा आहे. आमच्या मेडिकल वॉर्डात रात्री बत्तीस खाटा, एक सिस्टर आणि एक मावशी. तेव्हा दिवाच बरा. बॅटरीवरचा मिळतो, बाराशेला पन्नास.

वेळ दुपारी दोनची ठेवा. सकाळची पाळी तेव्हा सुटते, म्हणजे त्या उपाशी. दुपारची पाळी तेव्हाच लागते, म्हणजे त्या ओव्हर घेण्यात, सुटणाऱ्या पाळीकडून रुग्णांची माहिती समजून घेण्यात. आणि रात्रपाळीवाल्या नुकत्या कुठे झोपलेल्या असतात, त्यांना फोन करून बोलवायचं. तिघींची सारखीच गैरसोय झाली की पक्षपाताचा आरोप येत नाही. पाहुणे पावणेचारला येतील.

आता निवड. इथे भलेभले घसरतात. चांगल्या शुश्रूषेची पंचाईत अशी की ती नीट झाली तर काहीच घडत नाही. रुग्ण खाटेवरून पडत नाही, चुकीचं इंजेक्शन जात नाही, पाठीला जखम होत नाही. न झालेल्या जखमेचा फोटो कसा काढणार?

अकरा नंबरच्या खाटेवर आमच्याकडे एक आजोबा होते. पक्षाघात, उजवी बाजू गेलेली, वजन ऐंशीच्या घरात. अशा माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते. ते एकट्याचं काम नाही. सिस्टर खांद्याकडून, मावशी कमरेकडून, खालच्या चादरीला धरून, "एक, दोन, हं." मग चादरीची सुरकुती काढायची, कारण एवढीशी सुरकुतीसुद्धा रात्रभरात कातडी सोलते. मग पाठीवर हात फिरवून कुठे लाल झालंय का पाहायचं, दोन गुडघ्यांमध्ये उशी, टाचा गादीपासून उचललेल्या. आठ, दहा, बारा, दोन, चार, सहा. मधल्या वेळात उरलेले एकतीस. मी हे पाहिलं ते वार्षिक लिनन मोजणी रात्री लावली होती म्हणून. नाहीतर अकाउंट्सच्या माणसाला पहाटेचे चार फक्त यात्रेला जाताना दिसतात.

आजोबा सात आठवड्यांनी घरी गेले, पाठ स्वच्छ. समितीपुढे हे मी सांगितलं. अध्यक्ष म्हणाले, "म्हणजे विशेष काही घडलं नाही." त्या वर्षीचा पुरस्कार लॉबीत रांगोळी काढणाऱ्या फ्रंट ऑफिसच्या मुलीला गेला. रांगोळी खरंच सुरेख होती, त्यात तिचा काय दोष.

रुग्णांचं मत घ्यायचं असेल तर खुशाल घ्या, त्याचा धोका नसतो. सात नंबरच्या आजींनी फॉर्मवर लिहून दिलं होतं: "ती रात्रीची, चष्मेवाली. माझ्या मुलीसारखी." छाननीत 'नाव अपूर्ण' म्हणून फॉर्म बाद झाला. रात्रपाळीत चष्मेवाल्या तिघी होत्या.

आणि मोठ्या उदाहरणांच्या वाटेला जाऊ नका, पुरस्काराची किंमत कमी होते. १९७३ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय फ्लॉरेन्स नाइटिंगेल पुरस्कार सुरू केला. त्याच वर्षी नोव्हेंबरात मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात अरुणा शानबाग या तिथल्याच परिचारिकेवर हल्ला झाला आणि ती कायमची अंथरुणाला खिळली. १८ मे २०१५ ला ती गेली, तोवर जवळजवळ ४२ वर्षं तिला केईएमच्या परिचारिकांनी सांभाळलं. ज्यांनी सुरुवात केली त्या निवृत्त झाल्या. हल्ल्याच्या वेळी जन्मल्याही नव्हत्या अशा मुली सिस्टर होऊन तिच्या खोलीत ड्युटीला लागल्या. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या डॉक्टरांनी तिला तपासलं तेव्हा सदतीस वर्षांनंतरही अंगावर बेडसोर, म्हणजे पडून राहून होणाऱ्या जखमा, नव्हते, जुने भरलेले व्रणसुद्धा नव्हते. न्यायालयाने निकालपत्रात त्या परिचारिकांचं कौतुक केलं. यावर मला विनोद सुचत नाही. पण समितीच्या नजरेने पाहिलं तर अडचण दिसते की नाही? एवढ्या वर्षांत हात किती जणींचे लागले, नाव कोणाचं घालायचं? आपल्या फॉर्ममध्ये नावासाठी एकच ओळ आहे.

खर्चाची चिंता असेल तर २०२० आठवा. २२ मार्चला संध्याकाळी पाच वाजता देशाने थाळ्या वाजवल्या, ३ मे रोजी हेलिकॉप्टरांतून रुग्णालयांवर फुलं पडली. कौतुक असं आकाशातून आलं की कोणावर पडलं, कायमवर की कंत्राटीवर, हे पाहावं लागत नाही. लाट ओसरल्यावर कोविडसाठी घेतलेल्या कितीतरी कंत्राटी सिस्टर घरी बसल्या. पाकळ्या मावशींनी झाडल्या.

मावशींवरून आठवलं. मावशी, मामा, लिफ्टवाले, लाँड्रीवाले हे आता बहुतेक एजन्सीचे. ते आपले कर्मचारी नाहीत, त्यामुळे यादीत येत नाहीत. फक्त वॉर्डात येतात.

एक वर्ष मात्र चूक झाली. कोणीतरी सुचवलं आणि 'उत्कृष्ट टीमवर्क' असा नवा पुरस्कार निघाला. तो एकाच व्यक्तीला द्यायचा होता, हे ओघाने आलं. अकरा नंबरवाल्या सिस्टरचं नाव लागलं. कूस बदलताना कमरेकडून धरणाऱ्या मावशी एजन्सीच्या. शिवाय वॉर्डात कोणीतरी थांबायला हवंच होतं. सिस्टर रात्रपाळी करून, घरी तासभर पाठ टेकून, पुन्हा आल्या. व्यासपीठावर नारळ, पुष्पगुच्छ, शाल. शाल मी स्वतः घेतली होती, दोनशे ऐंशीची, बऱ्यापैकी मऊ. पाहुणे 'रुग्णसेवा हीच ईश्वरसेवा'वर आले आणि सिस्टरनी घड्याळात पाहिलं. चार वाजले होते. माझ्याकडे बघून हळूच म्हणाल्या, "सर, मावशी एकट्या आहेत वरती," आणि शाल हातात घेऊन मागच्या दाराने गेल्या. ग्रुप फोटोत त्यांच्या जागी पुष्पगुच्छ दिसतो. दुपारच्या सिस्टर खाली पहिल्या रांगेत टाळ्यांना बसवल्या होत्या, हे तेव्हा माझ्याही लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी इन्फेक्शन कंट्रोलच्या मॅडम राउंडला गेल्या. अकरा नंबरवर तेव्हा दुसरेच कोणी होते, मांडीचं हाड मोडलेले, हाडाची काडं झालेले गृहस्थ. त्यांच्या टाचांखाली एक गुंडाळी सापडली. उशांचा इंडेंट, म्हणजे मागणीपत्र, तीन महिने स्टोअरमध्ये पडून होता, म्हणून सिस्टर आणि मावशींनी मिळून शालीची गुंडाळी करून, वर स्वच्छ पिलोकव्हर चढवून ती लावली होती. मॅडमनी रिपोर्ट केला. सन्मानचिन्हाचा वॉर्डात अनधिकृत वापर, असा मेमो टाइप झाला. त्याची कॉपी माझ्याकडेही आली, कारण शालीचा खर्च माझ्या हेडमधून, म्हणजे माझ्या खर्चखात्यातून, गेला होता.

म्हणून शेवटची सूचना, ही समितीने ठराव करून घेतली आहे. शाल देऊ नका. ट्रॉफी द्या, काचेची, टोकदार. ती कोणाच्या टाचेखाली घालता येत नाही.