पूर्ण थ्रॉटलवरच्या आरपीएमचा आग्रह कशासाठी? एका आक्षेपाला उत्तर

नमस्कार.

नेहमीच्या भारासह पूर्ण थ्रॉटलवर (इंजिनाची हवेची वाट पूर्ण उघडल्यावर) इंजिन उत्पादकाने दिलेल्या आरपीएमच्या (मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांच्या) पल्ल्यात पोहोचेल असाच प्रोपेलर निवडा, असे सांगणाऱ्या माझ्या लेखावर तुम्ही सविस्तर आणि परखड प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल आभार. इतर वाचकांना संदर्भ लागावा म्हणून तुमचे म्हणणे आधी थोडक्यात मांडतो. तुमच्या आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेरून बसवलेल्या) इंजिनाला उत्पादकाने पूर्ण थ्रॉटलवर ५००० ते ६००० आरपीएम हा पल्ला दिला आहे आणि त्याचा गिअर रेशो २.० आहे, म्हणजे इंजिनाच्या दोन फेऱ्यांना प्रोपेलरचा एक फेरा. १९ इंच पिचचा (पिच म्हणजे पाण्यात न घसरता एका फेऱ्यात प्रोपेलर जेवढा पुढे जाईल ते अंतर) प्रोपेलर काढून तुम्ही २१ इंचाचा बसवलात. आता सगळे कुटुंब बोटीत आणि टाकी भरलेली असताना इंजिन ४७०० च्या वर जात नाही, पण तुमच्या मते त्याने काही बिघडत नाही, कारण बोट तुम्ही पूर्ण थ्रॉटलवर कधी चालवतच नाही. नेहमीचा वेग ३४०० वर मिळतो, आवाज कमी झाला आहे, इंधन वाचते आणि झीजही कमी होईल. मोटार आपण टॉप गिअरमध्ये कमी आरपीएमवर चालवतो, मग बोट का नाही, असे तुम्ही विचारता आणि माझा आग्रह पुस्तकी ठरवता. शिवाय कमी पिच लावल्यास वळणावर प्रोपेलर आणखी ‘सुटेल’ (पाण्यावरची पकड सोडेल) आणि स्टेनलेस स्टीलची माझी शिफारस ही विक्रेत्यांची भाषा आहे, असे आणखी दोन आक्षेप आहेत.

पहिला आक्षेप सर्वांत महत्त्वाचा आहे, म्हणून बराचसा वेळ त्यालाच देतो. पूर्ण थ्रॉटलवरचे आरपीएम पाहा असे मी म्हणतो, तेव्हा त्या वेगाने बोट चालवा असे मला सुचवायचे नसते. कोणत्याही आरपीएमवर इंजिन जास्तीत जास्त किती शक्ती देऊ शकते याचा एक आलेख असतो, आणि त्याच आरपीएमवर प्रोपेलर किती शक्ती मागतो याचा दुसरा. प्रोपेलरची मागणी साधारणपणे आरपीएमच्या घनाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे खालच्या टप्प्यात ती इंजिनाच्या क्षमतेपेक्षा बरीच कमी असते आणि वर जाताना झपाट्याने चढते. हे दोन आलेख एकमेकांना जिथे छेदतात, ते ठिकाण म्हणजे पूर्ण थ्रॉटलवर मिळणारे आरपीएम. साध्या बोटमालकाला टॅकोमीटरपलीकडे (आरपीएम दाखवणाऱ्या मीटरपलीकडे) कोणतेही उपकरण न वापरता प्रोपेलरचा भार ताडून पाहता येतो, तो याच एका ठिकाणी. हा छेदबिंदू उत्पादकाच्या पल्ल्याच्या खाली, ४७०० वर सरकला, याचा अर्थ मागणीचा सगळा आलेखच वर उचलला गेला आहे. तुमच्या रोजच्या ३४०० वरही प्रोपेलर पूर्वीपेक्षा जास्त मागतो आहे. फक्त तिथे इंजिनाकडे शिल्लक असल्याने ते तुम्हाला जाणवत नाही.

आता तुमच्या नेहमीच्या वेगाचाच हिशेब करू. स्लिप (प्रोपेलर पाण्यात घसरल्यामुळे पिचच्या हिशेबापेक्षा कमी पडणारे अंतर) जवळपास तेवढीच राहते असे धरले, तर जो वेग २१ इंच पिचवर ३४०० आरपीएमला मिळतो, त्यासाठी १९ इंचावर सुमारे ३७५० आणि १७ इंचावर सुमारे ४२०० आरपीएम लागतील. बोट तीच, वेग तोच, म्हणून पाण्याचा विरोध तोडण्यासाठी लागणारी शक्तीही जवळपास तीच. शक्ती म्हणजे टॉर्क (फिरवण्याचा जोर) आणि आरपीएम यांचा गुणाकार, तेव्हा आरपीएम जेवढे उतरतात तेवढा टॉर्क चढलाच पाहिजे. १७ इंचाच्या तुलनेत २१ इंचाच्या प्रोपेलरला त्याच वेगासाठी जवळजवळ चोवीस टक्के जास्त टॉर्क लागतो, आणि तो दर फेऱ्याला पिस्टनवरच्या दाबातून यावा लागतो. आरपीएम कमी म्हणून झीज कमी, हे समीकरण म्हणूनच अर्धेच खरे आहे. बेअरिंगमधला तेलाचा थर वेगामुळे टिकतो आणि भारामुळे पातळ होतो. कमी वेग आणि जास्त भार ही जोडी त्याला सर्वांत प्रतिकूल असते.

इंधनाच्या मुद्द्यात मात्र तथ्य आहे आणि ते मान्य केले पाहिजे. पेट्रोल इंजिन अर्धवट थ्रॉटलवर चालते तेव्हा अरुंद वाटेतून हवा ओढण्यातच त्याची काही शक्ती वाया जाते. तोच वेग कमी आरपीएमवर, थ्रॉटल थोडे अधिक उघडून मिळवला तर हा अपव्यय घटतो, त्यामुळे सपाट पाण्यात, हलक्या भाराने, एकदा बोट पाण्यावर तरंगत धावू लागली की २१ इंचाचा प्रोपेलर खरोखरच थोडे कमी पेट्रोल पीत असेल. मात्र ही बचत आरपीएमवरून किंवा तासाला किती लिटर लागले यावरून ठरवू नका. इंधनाचा दर तासाचा खर्च जीपीएसवरच्या वेगाने भागून दर किलोमीटरला किती लिटर पडले ते काढा, आणि प्रवाहाचा व वाऱ्याचा परिणाम निघून जावा म्हणून जातानाचे व येतानाचे आकडे घेऊन त्यांची सरासरी धरा. भार वाढत जाऊन थ्रॉटल जवळजवळ पूर्ण उघडे राहू लागले की बहुतेक इंजिने थंडावा राखण्यासाठी मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण वाढवतात, आणि मग वाचलेले सगळे तिथे परत जाते.

मोटारीच्या तुलनेकडे वळतो, कारण ती तुम्हीच दिली आहे आणि ती तुमच्याविरुद्धच साक्ष देते. टॉप गिअरमध्ये धावणारा चालक घाट लागला की गिअर उतरवतो. बोटीला पुढे, मागे आणि न्यूट्रल यांपलीकडे काही नसते. जो पिच बसवला, तोच तिचा एकमेव गिअर. आणि घाट तर प्रत्येक फेरीत आहे. बोट थांबलेल्या स्थितीतून निघून पाण्यावर उचलली जाईपर्यंत नाक वर करून स्वतःच्याच लाटेवर चढत असते, आणि तो टप्पा ओलांडेपर्यंत विरोध झपाट्याने वाढतो. त्या क्षणी बोट सावकाश पुढे सरकत असते, प्रोपेलर मात्र आपल्या पिचच्या मानाने कितीतरी कमी अंतर कापत असतो, पाती पाण्यावर मोठ्या कोनात आदळतात आणि त्याच आरपीएमवर प्रोपेलर फिरवायला लागणारा जोर सर्वाधिक होतो. ‘बोट उचलायला आता थोडा जास्त वेळ लागतो, पण आम्हाला कुठे घाई आहे’ असे तुम्ही सहज लिहून गेला आहात. तुमच्या संपूर्ण प्रतिक्रियेत माझ्या दृष्टीने सर्वांत बोलके वाक्य हेच.

त्या वेळात थ्रॉटलचा दांडा कुठे असतो, हे एकदा पाहा. मी पैजेवर सांगतो की तो पुढे टेकलेला असतो. टॅकोमीटर ३००० दाखवतो म्हणून आपण इंजिन हळूच चालवतो आहोत असे वाटते, पण थ्रॉटल पूर्ण उघडे आहे आणि सिलिंडरमध्ये पूर्ण मात्रेत हवा आणि इंधन जाते आहे. पिस्टन मात्र सावकाश वर-खाली होतो, त्यामुळे दाब आणि उष्णता सिलिंडरमध्ये जास्त वेळ कोंडून राहतात. अवेळी स्फोट होण्याला, म्हणजे नॉकिंगला, यापेक्षा अनुकूल परिस्थिती नाही, आणि पिस्टनचा माथा, रिंगा व हेड गॅस्केट यांचे नुकसान होते ते अशाच वापरात. काही नव्या इंजिनांत नॉक सेन्सर असतो आणि तो इग्निशन मागे घेऊन इंजिन वाचवतो. पण ते वाचवणे शक्ती कमी करूनच होते, म्हणजे बोट आणखी रेंगाळते. तेव्हा पूर्ण थ्रॉटल तुम्ही कधीच वापरत नाही हे खरे नाही. प्रत्येक वेळी निघताना वापरता, आणि २१ इंचामुळे पूर्वीपेक्षा जास्त वेळ वापरता. ज्यांच्या बोटीत इनबोर्ड (बोटीच्या आत बसवलेले) डिझेल आहे त्यांच्यासाठी हा विषय आणखी गंभीर आहे, कारण तिथे गव्हर्नर (आरपीएम स्थिर राखणारी यंत्रणा) आरपीएम टिकवण्याच्या नादात इंधन वाढवत राहतो आणि काळा धूर दिसू लागेपर्यंत एक्झॉस्टचे तापमान बरेच चढलेले असते.

तुमच्या मित्राच्या त्याच ताकदीच्या इंजिनावर २१ इंच चालतो, असाही दाखला तुम्ही दिला आहे. त्याचा गिअर रेशो, बोटीचे वजन आणि प्रोपेलरचा व्यास कळल्याशिवाय त्या दाखल्याला किंमत नाही. १.७५ आणि २.३३ अशा वेगळ्या रेशोंच्या इंजिनांवर एकच पिच म्हणजे दोन अगदी वेगळे भार.

वळणावर प्रोपेलर सुटतो, आरपीएम एकदम उसळतात आणि धक्का कमी होतो, याला तुम्ही कॅव्हिटेशन म्हटले आहे. लक्षणांवरून मला ते व्हेंटिलेशन वाटते, आणि उपाय वेगवेगळे असल्यामुळे हा फरक करावाच लागतो. कॅव्हिटेशनमध्ये पात्याच्या पाठीवरचा दाब इतका उतरतो की पाणी तिथल्या तिथे उकळून वाफेचे बुडबुडे होतात. चार्ल्स पार्सन्सच्या ‘टर्बिनिया’ला १८९४ साली हीच अडचण आली होती: टर्बाइनची शक्ती भरपूर, पण एकच प्रोपेलर ती पाण्यात उतरवू शकत नव्हता, आणि अखेर तीन शाफ्टांवर प्रत्येकी तीन प्रोपेलर बसवल्यावर ती बोट ३४ नॉट्सच्या घरात गेली. तुमच्याकडे तसे काही नाही. वळताना इंजिन एका बाजूला कलते आणि प्रोपेलर पृष्ठभागावरची हवा ओढून घेतो. म्हणून आधी इंजिन ट्रान्समवर (बोटीच्या मागच्या उभ्या फळीवर) किती उंच बसवले आहे ते पाहा. प्रोपेलरच्या वरची आडवी प्लेट बोटीच्या तळाच्या रेषेत किंवा तिच्यापेक्षा एखाद-दोन इंच वर असावी. वळणाआधी ट्रिम (इंजिनाचा कल) आत, म्हणजे बोटीकडे, घ्या. एवढे करूनही सुटत असेल तर मागच्या कडेला कप दिलेला (कड किंचित वळवलेला) किंवा चार पात्यांचा प्रोपेलर पाणी जास्त घट्ट धरतो. पिच कमी केल्याने हा त्रास वाढेल, ही भीती अनाठायी आहे.

स्टेनलेस स्टीलच्या बाबतीत मी तुमच्या बऱ्याच जवळ आहे. मध्यम ताकदीचे इंजिन आणि उथळ, खडकाळ पाणी असेल तर ॲल्युमिनियमच चांगले. आपटल्यावर वाकते, तुटते, पण गिअरकेसला (प्रोपेलरला फिरवणाऱ्या गिअरांच्या पेटीला) धक्का कमी पोहोचतो आणि नवे घेणे परवडते. दोन्ही प्रकारांत हबमधला (प्रोपेलरच्या मध्यभागातला) भाग झटका झेलण्यासाठीच असतो, तरीही स्टीलचे पाते स्वतः फारसे नमत नसल्याने पुढे जाणारा मार मोठा असतो. मात्र इंजिन मोठे असेल तर ॲल्युमिनियमची पाती भाराखाली किंचित वाकून आपला आकार सोडतात, आणि स्टीलची पाती पातळ असूनही तो टिकवतात. तुमच्या वापरात हा फरक आधी पिच नीट झाल्यावरच तपासण्यासारखा आहे. चुकीच्या पिचचा महागडा प्रोपेलर चुकीचाच राहतो.

तुमच्यासाठी मी काय सुचवेन? दर इंच पिचला साधारण १५० ते २०० आरपीएमचा फरक पडतो. म्हणजे त्याच भाराने १९ इंचावर तुम्ही ५००० ते ५१०० ला पोहोचाल, जे पल्ल्याच्या अगदी खालच्या काठावर आहे. तळाला थोडे शेवाळ किंवा बार्नॅकल बसले, उन्हाळ्याची गरम दमट हवा आली किंवा दोन पाहुणे वाढले की पुन्हा खाली. १७ इंचावर ५३०० ते ५५०० मिळतील, आणि दोघेच असताना ते आणखी काही शे वर जाऊनही ६००० च्या आत राहतील असा माझा अंदाज आहे. कमाल वेग यात फारसा गमावला जाणार नाही. २१ इंचावर ४७०० आरपीएमला स्लिप शून्य धरली तर ताशी ७५ किलोमीटर हा कागदावरचा वेग निघतो, आणि जीपीएसवर तुम्हाला ६५ मिळतात, म्हणजे सुमारे १३ ते १४ टक्के स्लिप; पण तिथे इंजिन आपली पूर्ण शक्ती देतच नाही. आवाज मात्र वाढेल, आणि ४२०० वरचा तो सूर सुरुवातीला तुम्हाला खटकेल, हे आधीच सांगून ठेवतो.

खर्च करण्यापूर्वी टॅकोमीटर तपासून घ्या. जुन्या सुईच्या मीटरमागे इंजिनाच्या प्रकारानुसार निवडायचा एक स्विच असतो, आणि तो चुकीच्या खुणेवर असेल तर वर केलेला सगळा हिशेब निरर्थक आहे. इंजिनाच्या स्वतःच्या संगणकातून येणारा आकडा मिळाला तर तोच धरा. शक्य असल्यास १७ इंचाचा प्रोपेलर आधी उसना आणून नेहमीच्या भाराने पाण्यात चालवून पाहा.

सध्याचा २१ इंचाचा प्रोपेलर विकू नका. पाती सरळ असतील तर तो राखीव म्हणून बोटीतच ठेवा, सोबत जादा नट, वॉशर, कॉटर पिन आणि बसेल असा पाना. पाण्यात कुठे प्रोपेलर आपटून निकामी झाला, तर तो बसवून, बोट उचलण्याच्या भानगडीत न पडता, सावकाश किनाऱ्याला लागता येईल.