‘आमच्या फोनवर तर नीट दिसते आहे’ या उत्तराबद्दल क्षमस्व: आपल्या अभिप्रायास आमचे उत्तर

सप्रेम नमस्कार,

आपल्या फिजिओथेरपी केंद्राचे नवे संकेतस्थळ आम्ही तयार केले आणि त्यावर आपण दोन तारे देऊन सविस्तर अभिप्राय लिहिला आहे. आपल्या तक्रारी थोडक्यात अशा आहेत : संगणकावर मुखपृष्ठावर फिरणारी चार मोठी छायाचित्रे फोनवर नाहीत, त्यामुळे पान ओकेबोके दिसते, अक्षरे आणि बटणे इतकी मोठी आहेत की सारखे खाली सरकवावे लागते, जुन्या संकेतस्थळावर मात्र सगळे एका नजरेत दिसत असे, अपॉइंटमेंटच्या फॉर्मचे शेवटचे बटण अनेक रुग्णांना सापडलेच नाही आणि तारीख भरताना पान आपोआप मोठे होऊन एका बाजूला सरकते, तीन आठवड्यांचे काम पाच आठवडे चालले, आणि हे सारे आपण कळवल्यावर आमच्याकडून ‘आमच्या फोनवर तर नीट दिसते आहे’ एवढेच उत्तर आले.

सुरुवात या शेवटच्या गोष्टीपासून करतो. ते उत्तर आमच्याच कार्यालयातून गेले, मी ते वाचले आहे, आणि त्याबद्दल आपली मनापासून क्षमा मागतो. आमच्या टेबलावरचे फोन नवे आहेत, त्यांची स्क्रीन मोठी आहे, ते कार्यालयाच्या वाय-फायला जोडलेले आहेत आणि ते ज्यांच्या हातात असतात त्यांना संकेतस्थळाचा कोपरान् कोपरा पाठ आहे. आपल्या रुग्णाच्या बाबतीत यातले काहीच खरे नसते. फिजिओथेरपीसाठी वेळ घेणाऱ्याचा एक हात कित्येकदा गळ्यात अडकवलेला असतो, कुणाची बोटे आखडलेली असतात, कुणाला फोन डोळ्यांपासून लांब धरावा लागतो. संकेतस्थळ नीट आहे की नाही हे त्यांच्या हातातल्या फोनवर ठरते, आणि तेथे ते नीट नाही असे आपण सांगत असताना आम्ही आमचा फोन पुढे केला, ही आमची चूक आहे.

फॉर्मविषयीची तक्रार पूर्णपणे खरी आहे. आपला अभिप्राय वाचल्यावर मी काही वर्षे वापरलेला, लहान स्क्रीनचा एक साधा फोन घेतला, वाय-फाय बंद केले, उजवा हात मांडीवर ठेवला आणि केवळ डाव्या हाताच्या अंगठ्याने अपॉइंटमेंट घ्यायला बसलो. नाव भरले, फोन नंबर भरला. तोपर्यंत कीबोर्डने स्क्रीनचा खालचा जवळजवळ अर्धा भाग व्यापला होता आणि ‘वेळ नोंदवा’ हे बटण कोठेच दिसत नव्हते. पान वर सरकवून पाहिले, तर ते तसूभरही हलले नाही. बटण होते, पण कीबोर्डच्या मागे. कीबोर्ड मिटवला की ते दिसते, हे मला ठाऊक असल्यामुळे माझा अंगठा आपोआप तिकडे वळला, आणि त्याच क्षणी लक्षात आले की चाचणी घेताना आम्ही सगळे दर वेळी सवयीने हेच करत आलो होतो. ज्याला हे ठाऊक नाही, त्याच्या दृष्टीने फॉर्म अर्धवट आहे. तो फॉर्म बंद करून केंद्रात फोन लावणार किंवा दुसरीकडे जाणार.

असे का झाले, हे आपल्याला कळणे आवश्यक वाटते. बटण सतत अंगठ्याजवळ राहावे म्हणून आम्ही ते स्क्रीनच्या तळाशी कायमचे चिकटवले होते आणि फॉर्मची उंची स्क्रीनच्या उंचीइतकी बांधून टाकली होती. हेतू चांगला होता. परंतु आयफोनच्या सफारी या ब्राउझरमध्ये कीबोर्ड वर येतो तेव्हा पानाची मांडणी आकसत नाही, कीबोर्ड तिच्यावर नुसता पांघरला जातो. आणि २०२२ च्या अखेरीस आलेल्या १०८व्या आवृत्तीपासून अँड्रॉइडवरील क्रोमही मुळात तसेच वागतो. त्यामुळे तळाशी चिकटवलेली वस्तू कीबोर्डखाली जाते. आम्ही बरीचशी तपासणी संगणकावरच, ब्राउझरची खिडकी फोनच्या मापाची करून केली होती आणि तेथे कीबोर्ड वर येतच नाही. आता ते बटण शेवटच्या रकान्याच्या लगेच खाली, इतर मजकुराबरोबर सरकणारे असे ठेवले आहे आणि बांधलेली उंची काढून टाकली आहे.

तारखेच्या रकान्याचे कारण वेगळे आणि अधिक क्षुल्लक आहे, म्हणून त्याची अधिक खंत वाटते. रकान्यातील अक्षरांचा आकार १६ पिक्सेलपेक्षा कमी असेल, तर त्यावर बोट ठेवताच आयफोनवरील सफारी पान स्वतःहून मोठे करते. आमच्या त्या एका रकान्यात तो १४ होता, कारण सूचना एका ओळीत बसवायची होती. आता सर्व रकान्यांत तो १६ आहे आणि सूचना रकान्याच्या वर गेली आहे. पान मोठे करण्याची सोयच बंद करून हा दोष झाकता आला असता आणि अनेक ठिकाणी तसे केलेले दिसते. पण बारीक अक्षरे न दिसणाऱ्या माणसाकडून त्याचा एकमेव उपाय काढून घेणे मला मान्य नाही, म्हणून तो मार्ग घेतला नाही.

अक्षरे आणि बटणे यांच्या आकाराबाबत मात्र मी आपल्याशी सहमत नाही, आणि का ते मोकळेपणाने सांगतो. जुन्या संकेतस्थळावर सगळे पान एका नजरेत दिसे हे खरे आहे. ते पान फोनसाठी केलेलेच नव्हते. २००७ मध्ये आयफोन आला तेव्हा बहुतेक संकेतस्थळे संगणकाच्या रुंदीची होती. ती मोडू नयेत म्हणून त्याचा ब्राउझर आपण ९८० पिक्सेल रुंद आहोत असे धरून पान मांडत असे आणि मग ते आकसून स्क्रीनवर बसवत असे. ‘माझी खरी रुंदी वापर’ अशी सूचना देणारी एक ओळ पानात लिहिली नसेल, तर फोनचे ब्राउझर आजही हेच करतात, आणि आपल्या जुन्या संकेतस्थळावर ती ओळ नव्हती. पान मांडताना आजच्या फोनची रुंदी साधारण ३६० ते ४०० पिक्सेल धरली जाते. म्हणजे १६ पिक्सेलचे अक्षर तेथे सहाच्या आसपास उरत असे. पान दिसत होते, पण वाचण्यासाठी दोन बोटांनी ते ताणून मोठे करावे लागे, आणि दोन बोटांनी ताणायला बहुतेकांना एका हातात फोन धरून दुसरा वापरावा लागतो. आपल्या रुग्णांपैकी ज्यांचा एकच हात मोकळा आहे त्यांना ते कसे जमत असेल, हा विचार कामाच्या पहिल्या दिवसापासून माझ्या मनात होता. सरकवणे अंगठ्याने होते, ताणणे होत नाही. म्हणून पान लांबले तरी चालेल, पण ते एका हाताने वाचता यावे, असे आम्ही ठरवले.

बटणांचेही तसेच आहे. वेबच्या सुगम्यतेसाठीच्या, म्हणजे अपंगांनाही संकेतस्थळे वापरता यावीत यासाठीच्या, मार्गदर्शक सूचनांच्या २०२३ मध्ये आलेल्या २.२ या आवृत्तीत स्पर्शाच्या जागेचे किमान माप २४ पिक्सेल सांगितले आहे. अ‍ॅपल आपल्या मार्गदर्शनात ४४ सांगते, तर गूगल ४८, म्हणजे प्रत्यक्षात सुमारे नऊ मिलिमीटर. आम्ही ४८ घेतले. माउसचे टोक एका पिक्सेलवर ठेवता येते. बोटाचे तसे नाही, ते टेकताना खालची जागाच झाकून टाकते. ‘मंगळवार’ दाबायला जाऊन ‘बुधवार’ नोंदला जाणे हे आपल्या केंद्राला आणि रुग्णाला दोघांनाही महागात पडते. माउस जवळ नेल्यावर उलगडणारी डॉक्टरांची माहिती फोनवर छायाचित्राखाली उघडीच लिहिली आहे, तीही याच कारणाने : बोट जवळ आले आहे, पण अजून टेकलेले नाही, हे नेहमीच्या टचस्क्रीनला कळत नाही. यामुळेही पान काहीसे लांबले आहे.

आता फिरत्या छायाचित्रांबद्दल. आपण ती मोठ्या हौसेने काढून घेतली होती आणि ती सुंदर आहेत, यात शंका नाही. आम्हाला मिळालेल्या मूळ चार फायली मिळून सुमारे ९ मेगाबाइटच्या होत्या. चांगल्या वाय-फायवर हे जाणवत नाही. पण सेकंदाला दोन मेगाबिट एवढाच वेग मिळत असेल, तर नुसते ते उतरून घ्यायला ३६ सेकंद लागतात. पानातील मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसावा, आणि तोही दर शंभरांपैकी निदान पंचाहत्तर भेटींत, असा गूगलचा निकष आहे. छायाचित्रे लहान करूनही चार ठेवता आली असती, हे मान्य करतो. पण काही सेकंदांनी आपोआप बदलणारी पट्टी फोनवर बहुतेक वेळा अडचणच करते : वाचता वाचता मजकूर निघून जातो आणि अंगठा नेमका बदलत्या चित्रावर पडतो. म्हणून फोनसाठी आम्ही त्यातले एकच, उपचारकक्षाचे छायाचित्र निवडले, ते वेबपी या कमी जागा घेणाऱ्या स्वरूपात स्क्रीनच्या रुंदीप्रमाणे कापले आणि सुमारे ९० किलोबाइटवर आणले. त्याच संथ वेगाने ते अर्ध्या सेकंदाच्या आत उतरते. त्याच्या खाली लगेच ‘वेळ नोंदवा’ आणि ‘फोन करा’ ही दोन बटणे येतात, कारण फोनवरून आलेल्या रुग्णाला आधी तीच हवी असतात असे आपणच पहिल्या बैठकीत सांगितले होते.

हा निर्णय मी आजही बदलणार नाही. परंतु तो घेताना आपल्याला विचारले नाही, कारण समजावले नाही, आणि आपल्याला तो संकेतस्थळ सुरू झाल्यावर दिसला, हे चुकले. उरलेली तीन छायाचित्रे ‘आमचे केंद्र’ या पानावर, एकाखाली एक, आपण म्हणाल त्या क्रमाने लावून देतो. ज्याला पाहायची असतील तो ती स्वतःच्या गतीने पाहील.

उशिराबद्दल फार लिहीत नाही. फॉर्मचे काम आम्ही एकदा पूर्ण मोडून पुन्हा केले, त्यात जास्तीचे दोन आठवडे गेले, आणि तारीख पुढे जाते आहे हे आपल्याला लेखी कळवायला हवे होते, ते कळवले नाही. याची भरपाई म्हणून पहिल्या सहा महिन्यांच्या देखभालीचे शुल्क आम्ही घेणार नाही.

एक विनंती आहे. दुरुस्त केलेला फॉर्म सुरू झाला आहे, पण तो चालतो असे मी येथे लिहिणे म्हणजे पुन्हा आमच्याच फोनवर विसंबणे होईल. आपली हरकत नसेल, तर मी एका सकाळी केंद्रात येऊन बसतो. ज्या रुग्णांची तयारी असेल त्यांनी, त्यांच्याच फोनवर, मी काहीही न सांगता पुढच्या खेपेची वेळ नोंदवून पाहावी. कोण कोठे अडखळते ते मी लिहून घेईन आणि त्याची एक प्रत आपल्याला देईन. त्यांतल्या कुणाला बटण सापडले नाही, तर तेही या अभिप्रायाखाली लिहावे. फिरत्या छायाचित्रांबद्दलही त्यांनाच विचारता येईल. ती हवी होती असे त्यांच्यापैकी बहुतेकांनी सांगितले, तर मी त्यावर नव्याने विचार करीन. कोणता दिवस सोयीचा आहे तेवढे कळवावे.

आपला,
संचालक