हिसका कुणासाठी?

"चावतो का ओ?" जुळे सोलापुरात पहाटे कुत्रं घेऊन निघालं की हा प्रश्न ठरलेला. आमची गुंडी चावत नाही. पण समोरून दुसरं कुत्रं आलं की मागच्या पायांवर उभी राहून असा दंगा करायची की गल्लीतले दरवाजे उघडायचे.

दोन वर्षं मी एकच केलं. पट्ट्याला हिसका द्यायचा अन् "ए गप!" म्हणून ओरडायचं. खरं सांगू? ते तिच्यासाठी नव्हतंच. गॅलरीतल्या लोकांना दिसावं म्हणून होतं, की बघा, मी काहीतरी करतोय. कुणीतरी सांगितलं म्हणून गळा आवळणारी साखळीपण आणली, चार दिवस वापरली. त्याची लाज अजून वाटते.

तिच्या जागी उभं राहून बघा. कुत्रं दिसलं अन् त्याच क्षणी गळ्याला हिसका. मग पुढच्या वेळी कुत्रं दिसलं की गळा दुखणार हे पक्कं. असं भुंकणं बऱ्याचदा भीतीपोटी असतं (काही कुत्री तर नुसती भेटायला मिळत नाही म्हणून चिडतात), अन् मी त्या भीतीत भर घालत होतो.

आता हिसका बंद. छातीवरून जाणारा हार्नेस, लांब पट्टा, खिशात उकडलेल्या बिनमिठाच्या चिकनचे नखाएवढे तुकडे. गुंडीची हद्द साधारण तीस पावलांची. त्यापलीकडे कुत्रं असलं तर बघते, पण खाते. हद्दीच्या आत आलं की चिकन नाकाला लावा, तिला वाससुद्धा येत नाही. खात नाही म्हणजे आपण फार जवळ आलोय, एवढं सोपं माप. कुत्रं दिसलं की तुकडा, ते गेलं की तुकडे बंद. क्रम चुकवायचा नाही. आधी तुकडा दाखवला तर तिला वाटतं, आता काहीतरी येणार! (जेवणातली शेंगाचटणी लागलेली भाकरी मात्र देऊ नका, लसूण कुत्र्यांना बाधतो.)

भुंकण्याआधी एक क्षण मिळतो. जीभ आत जाते, तोंड मिटतं, कान पुढे, शेपटी ताठ. तेवढ्यात वळायचं. उभ्या रिक्षाचा आडोसापण चालतो.

अन् काही दिवस फिरवायचंच नाही. जानेवारीत गड्ड्याला (सिद्धेश्वराच्या यात्रेला) होम मैदानावर शोभेचं दारूकाम झालं, त्या रात्री गुंडी पलंगाखाली होती. दुसऱ्या दिवशी साध्या स्कूटरवर धावून गेली. आदल्या दिवसाचा ताण अंगात राहतो. तेव्हा घरातच टॉवेलमध्ये खाऊ गुंडाळून हुंगायला दिला, तासाभरात झोपली. उन्हाळ्यात तर तळहाताची मागची बाजू डांबरावर सात सेकंद टेकवत नसेल तर बाहेर काढूच नका. पाय भाजलेलं कुत्रं शांत कसं राहील? अन् शांत कुत्रं एकाएकी चिडायला लागलं तर आधी डॉक्टरांना दाखवा, कुठंतरी दुखत असेल.

माझा खरा राग आहे तो "आमचा फ्रेंडली आहे ओ" म्हणत मोकळं सोडणाऱ्यांवर. तुमचा असेल हो. पण तो धावत येतो अन् आमची पाच आठवड्यांची मेहनत पाच सेकंदांत जाते. पट्टा लावायला काय जातं?

आज पहाटे परत एक काका, सोबत त्यांचा काळा कुत्रा. "चावतो का ओ?"

"चावत नाही, घाबरती. जरा पलीकडून जावा की."

काका खरंच पलीकडे गेले. गुंडीनं काळ्याकडे बघितलं, मग मान वळवून माझ्या खिशाकडे.