येशू आला आहे, मग वाट कुणाची?

बंधू, ख्रिस्तात सप्रेम सलाम.

आगमनकाळावरच्या, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांच्या काळावरच्या, माझ्या लेखाखाली तुम्ही साताऱ्याहून सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत. दोन ओळींत तिची बोळवण करणं बरं नव्हे, म्हणून हे लांबलचक उत्तर. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: आगमनकाळ बायबलमध्ये कुठेच नाही, तो माणसांनी काढलेला आहे. येशू येऊन गेला, तेव्हा चार आठवडे त्याची वाट पाहण्याचं नाटक कशाला? आणि या दिवसांत शास्त्र बाजूला ठेवून मी ‘स्मृतिचित्रे’ नि ‘ख्रिस्तपुराण’ काय वाचत बसले आहे?

पहिली गोष्ट शंभर टक्के खरी. पाचव्या शतकात आजच्या फ्रान्समधल्या तूर शहराच्या बिशपांनी ११ नोव्हेंबरपासून नाताळापर्यंत आठवड्याला तीन उपास लावून दिले. अशा उपासांतूनच हा काळ आकाराला आला. चार रविवारी एकेक करून लावायच्या मेणबत्त्या तर फारच अलीकडच्या. १८३९ साली हाम्बुर्गमध्ये योहान विखर्न यांनी गरीब मुलांच्या आश्रमात गाडीच्या चाकावर मेणबत्त्या लावल्या, कारण ‘नाताळ कधी, नाताळ कधी’ म्हणून पोरं भंडावून सोडत होती. माणसांनीच काढलेलं हे सगळं. पण २५ डिसेंबर ही तारीख तरी बायबलमध्ये कुठे आहे? पेटी-तबल्यावर आपण कवी ना. वा. टिळकांची पदं म्हणतो, तीही नाहीत. माणसाने केलं एवढ्यावरून एखादी गोष्ट टाकायची तर उपासनेला उभं राहून म्हणायचं काय?

तुमचा दुसरा प्रश्न मात्र मनाला लागला. येशू आला आहे, मग वाट कुणाची?

मी मिरजेत राहते. १८९४ साली डॉ. विल्यम वानलेस यांनी इथे मिशनचं रुग्णालय काढलं आणि पुढे हे गाव दवाखान्यांचंच झालं. जत, अथणी, विजापूरकडून पेशंट येतात, त्यांच्याबरोबर घरची माणसं येतात आणि चादर अंथरून व्हरांड्यात बसून राहतात. गेल्या हिवाळ्यात शेजारणीच्या ऑपरेशनला मी अशीच एका दवाखान्यात बसले होते. बाजूला जतकडच्या एक आजी होत्या. मुलाचा अपघात झाला होता, तो आत होता. दुपारी सिस्टर बाहेर येऊन सांगून गेली, ‘ऑपरेशन चांगलं झालं, शुद्धीवर येतोय, काळजी करू नका.’ आजींनी हात जोडले, पदराने डोळे पुसले, पण जागच्या हलल्या नाहीत. सून म्हणाली, ‘आत्या, आता तरी दोन घास खावा.’ त्या म्हणाल्या, ‘कळलं गं. पर माझ्या डोळ्यांनी बघू दे की एकदा.’

निरोप खोटा वाटला म्हणून त्या बसल्या नव्हत्या. निरोप खरा होता, म्हणूनच त्या दारावरची त्यांची नजर हलत नव्हती. आमचं वाट पाहणं हे असं आहे. आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी जे शुभवर्तमान वाचतात त्यात गोठा नसतोच. प्रभू पुन्हा येणार आहे, जागे राहा, असं त्यात असतं. मग दोन रविवार बाप्तिस्मा करणारा योहान, आणि मरीया-योसेफ येतात ते थेट चौथ्या रविवारी. आणि तुम्ही शास्त्रावर बोट ठेवायला सांगता, तर बायबलमधल्या शेवटच्या पुस्तकाचं, प्रकटीकरणाचं, शेवटचं पान उघडा. ‘ये, प्रभू येशू’ ही तिथली प्रार्थना आहे. ती करणारी मंडळी पुनरुत्थानानंतरची आहे. तो जन्मला, मेला, उठला हे सगळं ठाऊक असूनही ती ‘ये’ म्हणते. याला नाटक कसं म्हणायचं?

आता पुस्तकांकडे येते. इथे मी तुमच्याशी भांडणार आहे.

लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ मी डिसेंबरात काढते ते गंमत म्हणून नाही. १८९५च्या फेब्रुवारीत त्यांचे पती नारायण वामन टिळक यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, आणि इकडे लक्ष्मीबाईंचं जग कोसळलं. पुढची काही वर्षं त्यांची ताटातूट, सासर-माहेरची बोलणी, लहानग्या दत्तूची काळजी, मग पुन्हा एकत्र येणं, आणि एकत्र आल्यावरही चुलीचं सोवळं सांभाळणं. जातिभेद देवाने केला की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःशीच सोडवला. बाप्तिस्मा घेतला तो त्यानंतर, स्वतःच्या पायांनी चालत येऊन. देव एखाद्या माणसासाठी किती वर्षं थांबतो, हे मला कुठल्याही प्रवचनापेक्षा या पुस्तकाने जास्त शिकवलं. आपण वाट पाहतो त्याहून तो जास्त पाहतो.

‘ख्रिस्तपुराणा’चंही तसंच. १६१६ साली छापलेलं हे काव्य गोव्यातले इंग्रज मिशनरी फादर स्टीफन्स यांनी दोन भागांत रचलं. पहिल्या भागात जुना करार आहे. म्हणजे चार हजारांहून अधिक ओव्या वाचाव्या तेव्हा कुठे दुसऱ्या भागात ख्रिस्तजन्माच्या कथेपर्यंत पोचायचं. घाई असणाऱ्याने ते हातात घेऊच नये. मी मोठ्याने वाचते, रोज थोडं. कळत नाही तिथे थांबते.

आणि तुमचं तर गावच साताऱ्याचं! आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत, १९१७ साली, टिळकांनी साताऱ्यातच ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे जागा होती. दोनच वर्षांत ते गेले. दरबार त्यांच्या मनासारखा भरलेला त्यांना पाहायला मिळाला नाही, ख्रिस्ताच्या जीवनावरचं त्यांचं काव्य ‘ख्रिस्तायन’ही अकरा अध्यायांवर थांबलं. लक्ष्मीबाईंनी चौसष्ट अध्याय लिहून ते पुरं केलं. ही माणसं शास्त्राच्या आड येत नाहीत हो. त्यांनीच ते आपल्या ओसरीपर्यंत आणलं. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळं बायबल मराठीत उतरवलं. ते १९२४ साली बाहेर पडलं, तेव्हा त्यांना जाऊन दोन वर्षं झाली होती.

चांदण्या, नवे कपडे, केकच्या ऑर्डरी यांवर तुम्ही जे चिडून लिहिलं आहे, त्याला माझा पूर्ण पाठिंबा. नोव्हेंबर संपायच्या आत आपल्या वस्तीत नाताळ होऊनही जातो. करंज्या जरूर कराव्यात, पण २४ तारखेला.

एक गोष्ट मात्र तुम्ही सोडून दिलीत. लूकच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात मरीया गाते, तेव्हा येशू अजून पोटात आहे. तरी ती म्हणते की देवाने गर्विष्ठांना उधळलं, सत्ताधीशांना खाली ओढलं, भुकेल्यांना पोटभर दिलं. सगळं झाल्यासारखं! आणि आज आमच्याकडे गळीत हंगाम चालू आहे. बीडकडून आलेली ऊसतोड कुटुंबं फडाच्या कडेला कोप्या घालून राहिली आहेत. पहाटेच्या थंडीत बाई मोळ्या बांधते आणि तिचं पोर पाचटावर निजलेलं असतं. त्या पोराच्या बाबतीत मरीयेचं गाणं अजून पुरं झालेलं नाही. मग वाट कशी नाही पाहायची?

येत्या शनिवारी आम्ही मंडळीतले काही जण अशाच कोप्यांवर जाणार आहोत. स्वेटर, ब्लँकेट, पोरांसाठी कानटोप्या आणि चपला जमवतो आहोत. चपला लहान मापाच्या कमी पडताहेत. साताऱ्याहून सकाळी निघालात तर अकरापर्यंत पोचाल. याल का? तेवढं कळवा.