खुलासा: निळ्या भुंग्याचा तो फोटो गोरेवाड्याचा नाही

‘गोरेवाड्याच्या जंगलात विषारी निळा भुंगा, दिसताच मारा, वाळके ओंडके जाळा’ हा संदेश नागपूरच्या व्हॉट्सॲप गटांत फिरतोय. तो चुकीचा आहे.

फोटोतला राखी-निळ्या अंगावर काळे ठिपके असलेला भुंगा म्हणजे रोझालिया अल्पिना. तो युरोपातल्या बीच वृक्षांच्या जंगलात राहतो, आपल्या सागवनात नाही. तो विषारी नाही. उलट दुर्मिळ होत गेल्याने युरोपीय संघाने 1992 च्या अधिवास निर्देशात (वन्यजीव आणि त्यांच्या राहण्याच्या जागा जपणाऱ्या कायद्यात) त्याला कडक संरक्षण दिले.

त्याची अळी मेलेल्या, उन्हात वाळलेल्या बीचच्या लाकडात साधारण 3 वर्षे वाढते. अडचण इथेच आहे. जंगलात रचलेल्या ताज्या ओंडक्यांवर उन्हाळ्यात मादी अंडी घालते आणि ओंडके आरागिरणीत गेले की पिढीच संपते. म्हणून तिथे तोडलेला लाकूडमाल उन्हाळ्याआधी हलवायचा, नाहीतर सावलीत ठेवायचा. उभी वाळकी झाडे आणि उंच बुंधे मात्र उन्हात तसेच राखायचे. झुडपांनी झाकले तर मादी तिकडे फिरकत नाही.

ओंडके जाळायचा सल्ला तर गोरेवाड्यातही घातकच! मेलेल्या लाकडावर जगणारे भुंगे आपल्याकडेही आहेत, आणि वाळल्या पानगळीत ठिणगी पडली की वणवा आवरत नाही.

त्वचेवर फोड आणणारा भुंगा विदर्भात आहे, पण तो काळा, नारिंगी पट्ट्यांचा, तुरीच्या फुलांवर दिसणारा. अंगावर बसला तर चिरडू नका, फुंकून उडवा. रस लागलाच तर साबणाने धुवा.