तात्या, टिळकांनी बाजू घेतली होती

परवा रात्री साडेदहाला भाचीचा फोन आला. आवाज रडवेला. "मावशी, तात्यांनी सकाळी पोहे खाताना तो मेसेज सगळ्यांसमोर मोठ्याने वाचला. आता पप्पा म्हणतात, पत्रकारितेच्या फॉर्मची घाई करू नकोस, एमपीएससीचं बघ." तात्या म्हणजे माझ्या ताईचे सासरे. सरळ माणूस, भरपूर वाचणारा. त्यांच्यासारख्या माणसाने असला मजकूर खरा मानावा याचाच राग जास्त आला.

मेसेज मलाही पंधरा दिवसांत चार ग्रुपवर आला होता आणि चारही वेळा मी तो सोडून दिला. ती माझी चूक झाली. ज्यांच्यापर्यंत पोचला नसेल त्यांच्यासाठी सारांश सांगते. मथळा आहे 'राजकीय पत्रकारिता : प्रत्येक पालकाने वाचावे असे सत्य'. खाली पाच मुद्दे. एक, या धंद्याला शिक्षण लागत नाही, ज्याला दुसरं काही जमत नाही तो पत्रकार होतो. दोन, सगळे विकले गेलेत. तीन, टिळक-आगरकरांच्या काळी संपादक तटस्थ असत, आजचे भाष्यकार बाजू घेतात, म्हणून ते पत्रकारच नव्हेत. चार, आता प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे, पत्रकार हवाय कशाला? पाच, मुलींनी तर या वाटेला जाऊच नये. लिहिणाऱ्याचं नाव अर्थातच नाही.

नाशकात बावीस वर्षं मी राजकीय वार्तांकन केलं. आधी महापालिका, मग जिल्हा परिषद, मग निवडणुका. त्यामुळे उत्तर देणं मला भाग आहे.

तिसऱ्या मुद्द्यापासून सुरुवात करते, कारण तो वाचून मी खुर्चीतून उठलेच. टिळक आणि आगरकर तटस्थ? 'केसरी' ४ जानेवारी १८८१ ला निघाला. त्याचे पहिले संपादक आगरकर. १८८७ मध्ये त्यांनी 'केसरी' सोडला तो पगारासाठी नाही. आधी स्वराज्य की आधी सामाजिक सुधारणा, या वादात दोघा मित्रांचं जमेना म्हणून. पुढच्याच वर्षी त्यांनी 'सुधारक' काढला. संमतिवयाच्या कायद्याने शरीरसंबंधासाठी मुलीचं किमान वय दहावरून बारा करायचं ठरलं, तेव्हा आगरकर कायद्याच्या बाजूने उभे राहिले आणि टिळक विरोधात. १८९१ चं हे भांडण दोघांनी आपापल्या पत्रातून उघडपणे केलं. आगरकर कुठल्या बाजूला आहेत हे पुण्यातल्या सनातन्यांना इतकं पक्कं ठाऊक होतं, की त्यांनी आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली.

टिळकांचं तर शाळेच्या पुस्तकातच आहे. १९०८ मध्ये 'देशाचे दुर्दैव' आणि 'हे उपाय टिकाऊ नाहीत' या अग्रलेखांवरून राजद्रोहाचा खटला झाला आणि सहा वर्षांची शिक्षा होऊन ते मंडालेला गेले. कुणाचीच बाजू न घेणाऱ्या संपादकाला इंग्रज सरकार एवढ्या लांब कशाला पाठवेल?

आणि बाबासाहेब? ३१ जानेवारी १९२० ला त्यांनी 'मूकनायक' सुरू केला. कुणाची बाजू ते त्या नावातच सांगितलंय. आमच्या नाशकात २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराच्या दारात सत्याग्रह सुरू झाला. दार बंद ठेवणारे आणि दार उघडा म्हणणारे यांच्या मधोमध उभं राहून लिहिणं म्हणजे पत्रकारिता, असं या गावात राहून कुणाला वाटूच कसं शकतं?

मग पत्रकाराने काय पाळायचं? त्याचंही उत्तर टिळक-आगरकरांच्याच आयुष्यात आहे, पण मेसेजवाल्याने तेवढं वाचलेलं नाही. कोल्हापूरच्या तरुण महाराजांचा छळ होतोय, असं 'केसरी' आणि 'मराठा' या पत्रांनी लावून धरलं होतं. कारभारी बर्वे यांच्या नावाची पत्रं हाती आली, त्यांच्या भरवशावर लिहिलं गेलं. खटल्यात ती पत्रं बनावट ठरली. दिलगिरी छापूनही चार महिन्यांची शिक्षा झाली आणि १८८२ मध्ये दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. महाराजांची बाजू घेतली ही त्यांची चूक नव्हती. हातात आलेला कागद खरा की खोटा, हे नीट तपासलं नाही, ही होती. बाजू घेणं आणि कागद न तपासणं या दोन गोष्टींची गल्लत करूनच हा मेसेज उभा राहिलाय. भाष्यकाराला मत असतंच. ते मत कुठल्या पुराव्यावर उभं आहे आणि आपल्या बाजूला गैरसोयीची असलेली माहिती तो वाचकाला देतो की लपवतो, एवढं बघायचं.

म्हणूनच पहिल्या मुद्द्यात, शिक्षण लागत नाही म्हणतात त्यात, अर्धंच खरं आहे. कायद्याने पदवी लागत नाही, हे बरोबर. लागूही नये. पत्रकार कोण हे ठरवण्याचा परवाना सरकारच्या हातात गेला, की लिहायचं काय हेही तेच ठरवणार. किमतीच्या हिशोबाने वर्तमानपत्राची पानं ठरवण्याचा अधिकारसुद्धा सरकारला नाही, असा निकाल सुप्रीम कोर्टाने १९६१ मध्ये दिला, तोही पुण्याच्या 'सकाळ'च्या खटल्यात. पण परवाना लागत नाही म्हणजे शिकावं लागत नाही, असं कुठे होतं?

माझं पहिलं वर्ष आठवतं. महापालिकेच्या राजीव गांधी भवनात अंदाजपत्रकाची महासभा होती. नवे रस्ते, नवी उद्यानं, घोषणांचा पाऊस. मी सगळं भराभर उतरवून घेतलं आणि आमच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांना कॉपी दाखवली. त्यांनी ती बाजूला ठेवली, अंदाजपत्रकाचं जाडजूड पुस्तक माझ्यासमोर उघडलं आणि एका शब्दावर बोट ठेवलं : दायित्व. मागच्या वर्षांच्या मंजूर कामांची द्यायची राहिलेली रक्कम. ती जमेतून वजा केली, तेव्हा घोषणा केलेल्या रस्त्यांना पैसेच उरत नव्हते. बातमी ती होती. त्यानंतर महासभेच्या विषयपत्रिकेत शेवटी 'जादा विषय' म्हणून काय घुसवलंय, हे आधी बघायची सवय लागली. कुठल्या जमिनीचं आरक्षण उठतंय, कुठल्या ठेक्याला मुदतवाढ मिळतेय, ते बहुतेक वेळा तिथेच सापडायचं. हे वाचायला डोळा तयार व्हावा लागतो. त्याला मला चार वर्षं लागली.

आता विकले जाण्याचं. इथे मला मान खाली घालून थोडं कबूल करावं लागेल. 'पॅकेज', म्हणजे उमेदवाराकडून पैसे घेऊन त्याची जाहिरात बातमी म्हणून छापणं, हा शब्द आमच्या धंद्याने कमावलाय. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत मी ज्या दैनिकात होते तिथे एक मजकूर टेबलावर आला. तयार, टाइप केलेला, उमेदवाराचा फोटो जोडलेला. बातमीदाराचं नाव नव्हतं. त्यात 'जनसमुदाय' हा शब्द दोनदा 'जनसमूदाय' असा पडला होता. दुसऱ्या दिवशी तोच मजकूर त्याच दोन चुकांसकट आमच्यासह तीन दैनिकांत होता. मी विचारलं तर उत्तर मिळालं, तो विभाग तुमचा नाही. पुढचे चार महिने मी वाचकांची पत्रं लावत होते.

पण हे बाहेर काढलं कुणी? महाराष्ट्रातल्या त्याच निवडणुकीतल्या पेड न्यूजवर पी. साईनाथ यांनी 'द हिंदू'त लिहिलं. भारतीय वृत्तपत्र परिषदेच्या उपसमितीने, म्हणजे परंजॉय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी या दोघांनी, ७१ पानांचा अहवाल केला आणि त्यात वृत्तपत्रांची नावं लिहिली. २०१० मध्ये परिषदेने तो कापून छोटा करून मांडला. पूर्ण अहवाल लोकांसमोर यायला केंद्रीय माहिती आयोगाचा आदेश यावा लागला, तो २०११ मध्ये. साईनाथ पत्रकार, उपसमितीतले दोघेही पत्रकार. सगळेच विकले गेले असते तर तात्यांना 'पेड न्यूज' हा शब्दच कळला नसता.

पैशांचं मात्र खरं आहे, ते मी लपवणार नाही. वृत्तपत्रांतल्या कर्मचाऱ्यांसाठीचा मजिठिया वेतन आयोग २०११ मध्ये लागू झाला, सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलं, तरी आयोगाप्रमाणे पगार हातात न पडलेले कितीतरी सहकारी मला माहीत आहेत. तालुक्याच्या वार्ताहराला तर पगार नसतोच. बातमीमागे थोडे पैसे आणि जाहिरातीवर कमिशन. ज्या पुढाऱ्याविरुद्ध लिहायचं, त्याच्याच वाढदिवसाची जाहिरात आणायची. भाचीला हे मी स्वतः सांगितलंय, दोनदा.

मोबाइलच्या मुद्द्यावर फार वेळ घालवत नाही. २०२४ मध्ये दिंडोरी लोकसभेचे व्हिडिओ प्रत्येकाच्या मोबाइलवर होते. पण डिसेंबर २०२३ च्या कांदा निर्यातबंदीनंतर लासलगावच्या लिलावात भाव पुकारला जाताना ट्रॅक्टरवर बसलेला शेतकरी काय बोलत होता, हे तिथे रोज जाणाऱ्या बातमीदारालाच कळत होतं. केंद्रात राज्यमंत्री असलेल्या भारती पवार तिथे हरल्या आणि भास्कर भगरे निवडून आले, याचं दिल्लीतल्या स्टुडिओला नवल वाटलं. निफाड-चांदवडच्या वार्ताहरांना वाटलं नाही. त्याच निवडणुकीत भगरे आडनावाच्याच एका अपक्षाला तुतारी चिन्हावर एक लाखाहून जास्त मतं पडली, कारण मुख्य उमेदवाराचं चिन्ह होतं 'तुतारी वाजवणारा माणूस'. हा घोळ फॉरवर्ड करून सुटत नाही. मतपत्रिका आणि केंद्रवार आकडे घेऊन कुणीतरी बसावं लागतं.

उरला पाचवा मुद्दा, ज्याने माझी भाची रडली. 'रात्री-बेरात्री पोलीस स्टेशन, पुढाऱ्यांची उठबस, अशा मुलीशी लग्न कोण करणार?' तात्यांनी हे वाक्य नातीच्या समोर वाचलं.

तात्या, तुम्हाला तानूबाई बिर्जे माहीत आहेत का? सावित्रीबाईंच्या शाळेत शिकलेल्या. पती वासुदेवराव गेल्यावर सत्यशोधकांचं 'दीनबंधु' त्यांनी चालवलं. बहुजन समाजाचं राजकीय पत्र, संपादक एक विधवा बाई, आणि याला शंभरहून जास्त वर्षं झाली.

तेही राहू द्या, मी बघितलेलं सांगते. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. पेठ तालुक्यातल्या एका गावात टँकर बंद असल्याची तक्रार होती. आम्ही चार बातमीदार गेलो, तिघं पुरुष. ओट्यावर सरपंचबाईंचे यजमान बसले होते. बोलणं त्यांचंच, ग्रामपंचायतीचा शिक्काही त्यांच्याच खिशात. टँकर रोज येतो, म्हणाले. तिघांनी लिहून घेतलं. मी पाणी मागायच्या निमित्ताने आत गेले. सरपंचबाई चुलीपाशी नागलीची भाकरी थापत होत्या. तांब्या मला देताना त्यांनी अर्धाच भरला आणि ओशाळल्या. मग बोलल्या. टँकर अकरा दिवसांपूर्वी आलेला. नोंदवहीत मात्र रोजच्या खेपा, आणि खाली सह्या त्यांच्या. कोऱ्या पानावर घेतलेल्या. "ताई, मला वाचता येतं, पण वही दाखवत नाहीत," असं त्या म्हणाल्या. ते वाक्य ओट्यावर बसून कुणालाच मिळालं नसतं. बातमी लागल्यावर तिसऱ्या दिवशी टँकर आला.

रात्रपाळीची काळजी खोटी आहे असं मी म्हणत नाही. मीही घाबरले आहे, द्वारकेच्या चौकात रात्री दीडला गाडी पंक्चर झालेली असताना. पण त्यासाठी नातीला घरी बसवायचं नसतं. नोकरी देणाऱ्याला विचारायचं असतं, रात्री घरी सोडायला गाडी आहे का, कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समिती आहे का, तिच्यात कोण आहे. हे प्रश्न तिच्यासोबत जाऊन तिच्या आजोबांनी विचारले, तर मला फार आवडेल.

फॉर्मची मुदत शुक्रवारपर्यंत आहे, ताईशी माझं बोलणं झालंय. रविवारी मी भाचीला घेऊन पेठला जातेय. त्या बाई आता सरपंच नाहीत, पण त्यांनी बोलावलंय. सकाळी सातला निघू. तात्या, गाडीत तुमच्यासाठी जागा ठेवली आहे.